टोपलीला परवानगी लागत नाही

मोह पडायला लागला की आमच्या विभागात प्रात्यक्षिक परीक्षा सुरू होतात. दोन्हींचा मोसम एकच. होळी होते, पळस उतरणीला लागतो, तिकडे जंगलात पहाटेपासून मोहाची फुलं टपटप पडू लागतात आणि इकडे चंद्रपुरात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, मुली ब्लेडने देठाचे पातळ काप काढत बसतात. सावली, मूल, सिंदेवाही या तालुक्यांतून येणाऱ्या मुली मला न विचारता ओळखू येतात. त्यांच्या ओढणीला मोहाचा वास असतो, गोड आणि जरासा आंबूस. अंधार असतानाच आईबरोबर मोह वेचून, तोंडावर पाणी मारून, पहिली एसटी धरून त्या आलेल्या असतात. सूक्ष्मदर्शकावर टेकवलेला डोळा कधीकधी तिथेच मिटतो. मी उठवत नाही. बाहेरून आलेले परीक्षक पलीकडच्या टेबलाशी पोहोचले की हळूच खांद्याला हात लावते.

यंदाही वास आला. खिडकीच्या कट्ट्यावर नेहमीसारखी कोळशाची काळी भुकटी बसली होती, ऊन सकाळीच डोळ्यात टोचत होतं, आणि दाराशी उभ्या असलेल्या मुलींच्या घोळक्यातून तो वास थेट माझ्या टेबलापर्यंत आला. पूर्वी मला तो फार आवडायचा. लहानपणी आम्ही वाळलेला मोह चण्यांबरोबर भाजून खायचो. परारच्या, म्हणजे दोन वर्षांमागच्या, मोसमापासून मात्र तो वास मला सोसवत नाही. हे मी कुणाला सांगत नाही. परीक्षकांना चहा सांगते आणि कामाला लागते.

मी या विभागात लागले तेव्हा विज्ञानाच्या त्या अख्ख्या मजल्यावर शिकवणारी बाई मी एकटी होते. आता आम्ही बऱ्याच जणी आहोत. मुली तर मुलांपेक्षा जास्त. बायकांचं स्वच्छतागृह मात्र अजून एकच, त्याला कुलूप, आणि किल्ली कार्यालयात, विभागप्रमुखांच्या पाठीमागच्या खिळ्याला. मुलींनी चार पुरुषांसमोर जाऊन ती मागायची. म्हणून मुली प्रात्यक्षिकाच्या दिवशी पाणीच पीत नाहीत. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात, बर्नरच्या धगीसमोर, उभ्याने, पाण्याविना. एखादी चक्कर येऊन पडली की सर कळवळून म्हणतात, "या मुली सकाळी नाश्ता करत नाहीत हो."

आमचे विभागप्रमुख भले माणूस आहेत, हे आधीच सांगून टाकते. कुणाच्या अंगावर ओरडत नाहीत, कुणाकडे वाकड्या नजरेने पाहत नाहीत. मुलींना "बेटा" म्हणतात, मला "ताई". वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. भल्या माणसाशी भांडायला गेलं की तो दुखावतो, आणि मग सगळा मजला आपल्याकडेच बघतो.

प्रणाली माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. सावलीहून आत, जंगलाला टेकलेल्या गावातली. घरी धानाची थोडी शेती. बाप धान निघाला की मिरची तोडायला तेलंगणात जातो तो उन्हाळा चढल्यावर परततो. म्हणजे मोहाच्या मोसमात घरात बाप नसतोच. आई मंदाबाई आणि ही, दोघीच. थोरल्या भावाने पुण्यात कंपनीत काम धरलेलं. प्रणाली एम.एस्सी.ला माझ्या वर्गात होती तेव्हा कधी पुढच्या बाकावर बसली नाही, पण जंगलातल्या झाडाचं पान दाखवलं की मागून हळू आवाजात नाव यायचं, आधी गावचं, मग शास्त्रीय.

तिचा विषय तिनेच शोधला. आमच्याकडे मोह वेचायच्या आधी झाडाखालचा पाचोळा जाळतात. जमीन स्वच्छ काळी झाली की पांढरट पिवळी फुलं लांबून दिसतात, वेचायला सोपं जातं. पण त्या जाळाने झाडाखालची रोपं मरतात, आणि वारा सुटला तर आग रान धरते. प्रणालीचा प्रश्न असा होता, की पाचोळा न जाळता, झाडाखाली कापड अंथरून फुलं गोळा केली तर वेच किती पडतो, आणि काही मोसमांनी त्या झाडाखाली नवी रोपं उभी राहतात का. गावात मोहाची झाडं घराघरांत वाटलेली असतात. कागद नाही, पण कुठलं झाड कुठल्या घराचं हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि दुसऱ्याच्या झाडाखाली कुणी वाकत नाही. प्रणालीने आपल्या आईच्या वाट्याची झाडं घेतली. अर्ध्यांखाली पाचोळा जाळायचा, अर्ध्यांखाली जुनी लुगडी अंथरायची, रोज पहाटेपासून उन्हं चढेपर्यंत वेच मोजायचा. एक पहाट चुकली तर चालेल, मोसम चुकला तर वर्ष गेलं.

पहिल्या मोसमात मी पाहायला गेले होते. मंदाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि शेजारच्या झाडांखालून बाया हाका मारून विचारत होत्या. मंदाबाईंनी मला ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर दिलं, "माही पोरगी झाडाले लुगडं नेसवून राह्यली! आता हळदकुंकू लावाचं बाकी हाये." सगळं रान हसलं. प्रणाली लाजली नाही. ती गुडघ्यावर बसून लुगड्याचे कोपरे दगडाने दाबत होती. मंदाबाई मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हसतो जी आमी. पन वाकाले कमी लागते, हे खरं हाये. माही कंबर सांगते ना."

असे दोन मोसम झाले. रोपं दिसू लागली होती. तिसरा मोसम मिळाला की प्रबंध उभा राहणार होता, आणि तिसऱ्याच्या पुढे तिला मुदत नव्हती. शिष्यवृत्तीही तिथेच संपत होती, नोंदणीही. घरात लग्नाच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. "एवढं झालं की मंग तुमी म्हनान ते," असं तिने आईबापाला सांगून ठेवलं होतं. आमच्या मुलींची बहुतेक सगळी स्वप्नं अशी 'एवढं झालं की'च्या खुंटीला बांधलेली असतात.

परार, मोह पडायच्या जरा आधी, शेजारच्या वनपरिक्षेत्रात वाघाने एका माणसाला नेलं. आमच्याकडे ही बातमी नवी नाही, पण दर वेळी ती नव्याने अंगावर येते.  त्याच आठवड्यात विभागाची बैठक होती. विषय होता महिला दिनाचा. पाहुणे कोण, शिक्षिकांना द्यायची कुंडीतली रोपं कुठून आणायची, रांगोळी कोण काढणार. रांगोळी माझ्याकडे आली. ती दर वर्षी माझ्याकडेच येते, मी फुलांच्या अंतर्रचनेवर काम केलंय म्हणून असेल. रोपांचं ठरलं, फराळाचं ठरलं, आणि उठता उठता सर म्हणाले, "आणखी एक. परिस्थिती पाहता आपल्या मुलींना या मोसमात जंगलातलं काम बंद. मुलं जातील, त्यांच्या जबाबदारीवर."

मी म्हटलं, "सर, वाघाने नेला तो पुरुष होता."

कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत. ते खरोखर काळजीत होते. "ताई, उद्या प्रणालीला काही झालं तर तिच्या आईला मी काय तोंड दाखवू? लेकीसारखी आहे माझ्या."

"तिची आई रोज त्याच जंगलात जाते सर. त्याच झाडांखाली."

"ते त्यांचं त्या बघतील. आपल्यावर जबाबदारी आपल्या मुलींची."

टेबलाच्या टोकाला रुबीना बसली होती. आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवायची. पठाणपुऱ्यातली, बापाचं शिलाईचं दुकान. वर्षानुवर्षं तास घेत होती, मुलींच्या गळ्यातला ताईत, आणि बैठकीत बोलायचा अधिकार तिला आहे की नाही हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. ती म्हणाली, "सर, मी जाते ना तिच्यासोबत. सकाळचे तास दुपारी घेईन. दोघी राहिलो तर काही नाही होत."

सर तिच्याकडे बघून मायेने म्हणाले, "बेटा, दोन बायका म्हणजे काळजी दुप्पट." बैठक संपली. महिला दिनाला मला जास्वंदीचं रोप मिळालं.

त्यानंतर मी काय काय केलं ते सांगत बसत नाही. वर गेले, त्याच्या वर गेले. वनखात्यात गेले, तर तिथली एक वनरक्षक मुलगी स्वतःच म्हणाली, "पहाटे आमी गस्तीवर असतोच मॅडम, त्या बाजूनं फेरी टाकत जाऊ." ते मी परत येऊन सांगितलं. सगळीकडे मला बसायला खुर्ची मिळाली आणि पाणी मिळालं. कुणी नाही म्हणालं नाही. "बघू ताई," म्हणाले. तिकडे फुलं पडायला लागली होती. झाड बैठकीसाठी थांबत नाही, आणि फूल एकदा जमिनीवर पडलं की ते त्या दिवसाचंच असतं.

प्रणाली गावी निघून गेली. जाताना तिने मला विचारलं, "मॅडम, मी घरी गेल्यावर मायसंग मोह वेचाले गेली तं चालते ना?" चालतंच. गावची पोरगी आईबरोबर टोपली घेऊन मोहाला गेली तर कुणाच्या बापाची परवानगी लागते? तीच पोरगी, तेच झाड, तीच पहाट, पण टोपलीऐवजी हातात तराजू घेतला की ती विभागाची मुलगी होते आणि मग तिच्या जिवाची सगळ्यांना काळजी वाटू लागते. मी तिला म्हटलं, "जा. आणि तराजू घेऊन जा. प्रबंधात कसं बसवायचं ते मी बघते."

ती गेली. फोनला रेंज मिळेल तिथे चढून ती मधूनमधून बोलायची. मायलेकी दोघी सोबत जात होत्या. वेच चांगला पडत होता. लुगडी अंथरलेल्या झाडांखाली मागच्या वर्षीची रोपं वीतभर झाली होती. "मॅडम, एका रोपट्याले हरणानं तोंड लावलं, बाकी मस्त हायेत," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात मला इतका आनंद ऐकू आला की मी त्या दिवशी विनाकारण रुबीनाला समोसा खायला घातला.

मग बाहेरून मूल्यांकन समिती येणार असल्याचं कळलं.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांना कसं सांगू! भिंती रंगतात. बंद पंखे फिरतात. मुलींच्या स्वच्छतागृहाचं कुलूप निघालं, आत नवी फरशी, आरसा, सॅनिटरी पॅडचं यंत्र. मुली नुसत्या आरशात बघायला जाऊन येत होत्या. सभागृहात तक्ते लागले आणि एका मोठ्या तक्त्याचं शीर्षक होतं, 'विज्ञानातील महिलांना विभागाचे पाठबळ'. त्यावर महिला दिनाचे फोटो, माझी रांगोळी, आणि मधोमध प्रणालीचा पहिल्या मोसमातला फोटो. झाडाखाली गुडघ्यावर बसलेली, हातात लुगड्याचा कोपरा.

समितीच्या दिवशी सकाळी मी सभागृहात आले तर प्रणाली तक्त्यापाशी उभी. साडी नेसलेली, केसांत मोगरा, पाय धुळीने भरलेले. मला वाटलं, मला भास होतोय.

"तू इथी काय करून राह्यली?"

"सरांचा फोन आला होता मॅडम. म्हने, समितीले संशोधक मुलगी दाखवा लागते. एक दिवसाचंच काम हाये, बेटा, ये म्हने." ती जरा हसली. "नाई कसं म्हनाव?"

"आणि आई?"

"माय गेली मोहाले. मोजून ठेवतो म्हनाली."

समितीतल्या एक बाई फार छान बोलल्या. त्यांनी प्रणालीला विचारलं, जंगलात काम करताना विभागाची मदत होते का. प्रणालीने माझ्याकडे पाहिलं. सर शेजारी उभे होते, चेहऱ्यावर बापासारखं कौतुक. ती म्हणाली, "होते मॅडम. सगळे काळजी घेतात." त्या बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. सभागृहात सगळ्यांचे फोन बंद करून बाहेर एका ट्रेमध्ये ठेवले होते, समितीला व्यत्यय नको म्हणून. जेवणाच्या सुट्टीत तिने आपला फोन सुरू केला आणि तो हातातच वाजत सुटला. गावातून, काकाकडून, शेजारणीकडून, पुन्हा काकाकडून.

मोह अस्वलालाही आवडतो. पहाटे तेही झाडाखाली येतं, खाली मान घालून खात राहतं. मंदाबाई एका झाडाखाली वाकलेल्या, ते दुसऱ्या बाजूला. दोघांनीही एकमेकांना फार जवळ आल्यावर पाहिलं. शेजारच्या झाडांखालच्या बाया ओरडत धावत येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं. मंदाबाई वाचल्या. डावा डोळा गेला, त्या बाजूचा गाल गेला, आणि डाव्या हाताची बोटं आता नीट मिटत नाहीत.

सावलीत नुसत्या पट्ट्या बांधून पुढे पाठवलेली गाडी चंद्रपूरच्या दवाखान्यात पोहोचली तेव्हा प्रणाली साडीतच दाराशी उभी होती. मोगरा अजून केसांत होता. तो काढायला हवा हे तिला सुचलं नाही आणि मला हात लावायचं धाडस झालं नाही. त्या मोसमातल्या इतक्या गोष्टी मी विसरले, पण दवाखान्याच्या फिनेलच्या वासात मिसळलेला मोगऱ्याचा तो वास आणि स्ट्रेचरवरून येणारा मोहाचा वास विसरत नाही. मंदाबाईंच्या ओच्यात फुलं होती. नर्सने लुगडं कापून काढलं तेव्हा ती फरशीवर पडली आणि कुणीतरी ती पायाने बाजूला सारली.

काही दिवसांनी त्यांना बोलता येऊ लागलं, अर्ध्या तोंडाने. मी गेले की त्या विचारायच्या, "पोरगी काम करते ना जी?" मी हो म्हणायचे. धडधडीत खोटं. पोरगी तिथेच, खाटेखाली चटईवर बसलेली असायची आणि दोघींचं ऐकायची.

सरही आले होते. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांनी मला बाजूला घेतलं. डोळ्यांत पाणी होतं, ते खरं होतं. म्हणाले, "पाहिलंत ना ताई? म्हणूनच मी मुलींना पाठवत नव्हतो."

मी त्या दिवशी फार थकले होते, नाहीतर कदाचित बोलले नसते. मी म्हटलं, "सर, मुलगी इथे फोटोशेजारी उभी होती म्हणून आई तिथे एकटी होती. रोज दोघी जायच्या."

त्यांना ते लागलं. इतकं लागलं की पुढे कित्येक दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि मजल्यावरच्या लोकांनी मला येऊन सांगितलं की मॅडम, तुम्ही सरांना असं म्हणायला नको होतं, त्यांनी फळं आणली होती. मला राग येतो. आजही लिहिताना तितकाच राग येतो. तो सरांचा एकट्याचा नाही. ज्या काळजीला कधी पहाटे उठून सोबत चालावं लागत नाही, त्या काळजीचा तो राग आहे.

अपघातानंतर नियम पक्का झाला. मुलींना जंगल बंद म्हणजे बंद. प्राणिशास्त्राच्या मुली बाटलीतल्या बेडकांकडे वळल्या, भूशास्त्राच्या मुली कपाटातल्या दगडांकडे. एकीचा विषय वैनगंगेच्या काठचे पक्षी होता, तिला इंटरनेटवरच्या नोंदींवर काम करायला सांगितलं. ती तसं करतेय, चांगलं करतेय, पण तिने त्या मोसमानंतर एकही नवा पक्षी पाहिलेला नाही. स्वच्छतागृहाला समिती गेल्यावर पुन्हा कुलूप लागलं. यंत्र बिघडू नये म्हणून.

रुबीनाचं म्हणाल तर तिला पुढच्या वर्षी मुलगी झाली. तासिकेवाल्यांना बाळंतपणाची रजा नसते, तास घेतला तर तास, नाही तर नाही. ती चार महिन्यांनी परतली तेव्हा तिचे तास दुसऱ्याला दिलेले होते. सर म्हणाले, "बेटा, आता बाळाकडे लक्ष दे." ती मला अधूनमधून बाजारात दिसते. घरी दहावीच्या मुलांना शिकवते. भेटली की आधी प्रणालीचं विचारते, आणि मला सांगण्यासारखं काही नसतं.

प्रणालीची मुदत संपली. मी वाढवून मागितली, त्यावर कुणी नाही म्हणालं नाही, आणि ती वाढली नाही.

पण मी सोडलं नव्हतं. जी दारं दोन वर्षं वाजवत होते त्यातलं एक अखेर या होळीच्या सुमाराला किलकिलं झालं. विद्यापीठात नव्याने आलेल्या एक अधिकारी बाई. त्यांनी माझं म्हणणं पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं. विज्ञानाच्या मुलींना जंगलात कामाला जाता येईल, वनखात्याला कळवून, जोडीने, आणि त्या जोडीत पुरुष असलाच पाहिजे असं नाही. प्रणालीचं नाव पुन्हा नोंदवता येईल, आधीचे मोसम धरले जातील. मला वाटलं होतं मी आनंदाने रडेन. मी फक्त बॅग उचलली आणि दुसऱ्या दिवशीची सावलीची पहिली एसटी धरली. फोनवर सांगण्याजोगं ते नव्हतं, आणि तिचा फोन तसाही लागत नाही.

बस मूलच्या पुढे गेली आणि खिडकीतून तो वास आत आला. धानाच्या बांध्या कोरड्या पडल्या होत्या. सावलीच्या स्टँडवरून ऑटोने आत गेले. मंदाबाई अंगणात बसल्या होत्या, पदर अर्ध्या चेहऱ्यावरून ओढलेला, उजव्या हाताने वाळत घातलेला मोह पसरत होत्या. माझा आवाज ऐकून त्यांनी पूर्ण मान वळवली, कारण त्या बाजूचं त्यांना दिसत नाही.

"या मॅडम. बसा. पोरगी मोहाले गेली."

"एकटी?"

"मंग कोन जाईन? बाप मिरचीले गेला. मले तं फूल नाई दिसत, गोटा नाई दिसत." त्यांचा उजवा डोळा माझ्यावर स्थिर होता. "बोडीच्या पाळीनं सरळ जा. आवाज देत देत जा मात्र. पोरगी दचकते."

मी बोडीच्या, म्हणजे त्या लहानशा तळ्याच्या, पाळीवरून गेले, तिच्या नावाने हाका मारत. ऊन अजून कोवळं होतं. झाडांखालून दुसऱ्या बायांनी माझ्या हाकेला उत्तरं दिली, तिकडे, अजून पलीकडे. ती शेवटच्या झाडांपाशी होती. झाडाखालची जमीन काळी होती, स्वच्छ, जाळलेली. लुगडी कुठेच नव्हती. रोपंही नव्हती. तिने माझी नजर कुठे गेली ते पाहिलं.

"जाळलं मॅडम," ती म्हणाली. "एकटीले दूरवर दिसाले पाह्यजे ना. पाचोळ्यात काय बसलं हाये, समजत नाई."

मी तिच्याजवळ गेले. तिने नाव, अर्ज, मुदत यांतलं काही विचारलं नाही. चांगली वाळली होती. मनगटावर ओरखडे होते. मी घाईघाईने सगळं सांगून टाकलं, परवानगी मिळाली, मोसम धरले जातील, पुन्हा उभं करू आपण. बोलताना माझा आवाज मलाच सभागृहातला वाटू लागला.

तिने ऐकून घेतलं. टोपलीतली फुलं हाताने सारखी केली. मग म्हणाली, "पाहू मॅडम. मायचं पाह्याव लागते. यंदा तं मोह चांगला पडून राह्यला." त्यात नकार नव्हता, होकारही नव्हता. मी पुढे बोलायला तोंड उघडलं, तर तिने झाडीकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे, आणि जरा संकोचून म्हणाली, "मॅडम, तुमी आल्याच हान तं थोडा वेळ त्या बाजूले तोंड करून उभ्या राहान का? झुडपात काई हाललं तं आवाज द्या. वाकल्यावर मले दिसत नाई. तेवढ्यात मी हे झाड उरकून घेते."

मी बॅग जमिनीवर ठेवली. तिच्याकडे पाठ केली आणि झाडीकडे पाहत उभी राहिले. मागून फुलं टोपलीत पडल्याचा आवाज येऊ लागला, आधी थांबत थांबत, मग भराभर. बऱ्याच महिन्यांत ती इतकी निर्धास्त वाकली नसावी. बैठका, तक्ते, समित्या, दोन वर्षं, एका बाईचा डोळा. आणि प्रणालीला परार एवढंच हवं होतं.